बांधणीला गेलेली पुस्तकं

त्या गावात पुस्तक कधी हरवायचं नाही. ते बांधणीला जायचं.

वाचनालयात कुठलंही पुस्तक मागा, ग्रंथपालबाई शांतपणे सांगायच्या, "ते बांधणीला गेलंय." मागणाराही मुकाट मान डोलवायचा, कारण पुस्तक बहुतेक त्याच्याच सासऱ्यांच्या उशाखाली असायचं. कपाटं निम्मी रिकामी झाली, तरी गावाची अळीमिळी गुपचिळी. आणि ज्यांच्या नावावर हा सगळा कारभार चालायचा ते बाइंडरकाका? नऊ वर्षं वाचनालयाचं एक पान दुकानात आलं नव्हतं. बिचारे शाळेच्या वह्या शिवत बसायचे.

वर लोकच त्यांना रस्त्यात अडवायचे. "काय हो काका, त्या प्रवासवर्णनाला अजून किती दिवस?" विचारणाऱ्याच्या पिशवीतून तेच प्रवासवर्णन डोकावत असायचं. काका म्हणायचे, "खळ वाळतेय अजून."

"नऊ वर्षं वाळणारी खळ कसली मेली?" बायको करवादायची. "आळशी म्हणून नाव झालंय तुमचं गावभर. सांगून टाका एकदाचं."

काका सुईत दोरा ओवत राहायचे. सांगणार कुठल्या तोंडाने? त्यांच्याच ट्रंकेत, स्वेटरांच्या खाली, वाचनालयाचं पक्ष्यांचं पुस्तक होतं. रंगीत चित्रांचं, लग्नाच्या वर्षी आणलेलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मग एके दिवशी वरच्या कचेरीतून तपासनीसबाई आल्या. त्यांनी कपाटं पाहिली आणि स्पष्टच सांगितलं, पुस्तकं दिसली नाहीत तर वाचनालयाला कुलूप. वाचनालयाच्या अध्यक्षांनी उचलली जीभ, लावली टाळ्याला. "सगळी बांधणीला आहेत, बाई."

"उत्तम. परवा बाइंडरच्या दुकानात येऊन मोजते."

अध्यक्ष तडक काकांकडे आले. "तुम्ही म्हणा, तुमच्याकडून गहाळ झाली. वाचनालय नाही वाचलं तरी गावाची अब्रू वाचेल."

"आणि माझी?"

"तुमचं काय एवढं? तुम्ही तर आपलेच."

हे 'आपलेच' काकांना भलतंच झोंबलं. नऊ वर्षं गिळलेला राग पहिल्यांदा वर आला. अध्यक्ष गेल्यावर त्यांनी ट्रंक उघडली, पक्ष्यांचं पुस्तक काढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या फळीवर मांडलं, शिक्का दिसेल असं. पहिले आले ते पोस्टमन.

"हे माझ्याकडे बावीस वर्षं होतं," काका म्हणाले. "बांधणीला नव्हतं. मी ढापलं होतं."

पोस्टमन लाल झाले. पत्रं तिथेच ठेवून घरी गेले आणि चार पुस्तकं घेऊन परतले. "शेजाऱ्यांची आहेत," ते म्हणाले. काका नुसतेच बघत राहिले. "बरं. माझी," पोस्टमननी कबूल केलं.

मग काय, रांगच लागली. मास्तर कोटाखाली दडवून तीन घेऊन आले. डॉक्टरीणबाईंच्या औषधांच्या पिशवीतून सहा निघाली. एक आजी ढकलगाडीच घेऊन आल्या आणि "माझी एकवीस" असं इतक्या तोऱ्यात म्हणाल्या, की पोस्टमनना आपल्या चारांची लाज वाटली. काकांची बायको चहा करून करून दमली, पण हसू काही तिच्या तोंडावरून हटेना. सगळ्यांत शेवटी, मागच्या दाराने, अध्यक्ष आले. दोन पोती घेऊन.

"कोणाची?" बायकोने विचारलं.

अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं. "माझी," ते पुटपुटले, आणि त्यांना चहा मिळाला.

ठरल्या दिवशी तपासनीसबाई आल्या तेव्हा दुकान छतापर्यंत भरलं होतं. "इतकी सगळी बांधणीला होती?"

दारात अर्धं गाव उभं होतं. काका उठून उभे राहिले. "नाही, बाई. आम्ही नेली होती. आणली परत."

कोणी मान खाली घातली नाही. बाई मोजायला बसल्या, आणि मोजून झाल्यावर कोड्यात पडल्या. "नोंदीपेक्षा सव्वीस जास्त भरतात." एक उघडलं. आत शिक्का शेजारच्या गावचा.

जो तो छताकडे बघू लागला.

काकांनी ती सव्वीस पुस्तकं वेगळी काढली, दोऱ्याने घट्ट बांधली आणि गठ्ठा अध्यक्षांच्या हातात दिला.

"जाऊन देऊन या. आणि बांधणीला होती म्हणू नका. तिथेही एखादा बाइंडर असेल बिचारा."