आतून पांढरा

"ह्यो कोन हाय? ह्या भुताला माझ्या लेकाचं नाव कुनी दिलं?"

कौसाबाई ओरडली तेव्हा चिकलठाण्याच्या आमच्या टाइल्स कारखान्याचे पत्रे थरथरले. पॉलिशची मशीन चालू होती, पण तिचा आवाज माशीएवढा झाला. शपथेवर सांगतो, शेजारच्या कारखान्यातली माणसं सुट्टीचा भोंगा समजून डबे घेऊन बाहेर आली.

मी त्या कारखान्यात साचे करायचो. टाइल्सचे, जाळ्यांचे, कुंड्यांचे. पुतळे हा माझा खासगी माज. जिवंत माणसानं माझा पुतळा बघून रामराम घातलाय, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो. आता हे भूत म्हणे.

भूत म्हणजे सुदाम. कौसाबाईचा एकुलता एक. आमच्याच पॉलिश मशीनवर होता. विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल पेटली तेव्हा तो गावी होता. गावाचं नाव लिहीत नाही, पाचोडच्या अंगाला आहे. वस्ती पेटवली तेव्हा कौसाबाई रानात होती. सुदाम म्हाताऱ्या आज्याला काढायला घरात शिरला. दोघंही आतच राहिले.

कामगारांनी ठरवलं, त्याचा अर्धपुतळा करून वस्तीत बसवायचा. शेठ म्हणाले, "फुटक्या पोत्यांतलं व्हाइट सिमेंट घे. पण पुतळ्यावर कारखान्याचं नाव कुठं दिसता कामा नये."

नुसतं व्हाइट सिमेंट कधी ओतू नये. वाळताना ते आकसतं आणि मांजरानं ओरबाडल्यासारखे बारीक चरे पडतात. त्यात काहीतरी भर लागते. नदीच्या वाळूत गाळ असतो, रंग मळतो. काहीजण घाईपोटी प्लॅस्टर मिसळतात. पहिल्या पावसाळ्यात पुतळा फुगतो, दुसऱ्यात फुटतो. म्हणून मी संगमरवराची भुकटी घेतली. एक वाटी सिमेंटला दोन वाट्या. साच्यातून निघाला तेव्हा सुदाम साखरेच्या बत्ताशासारखा चमकत होता. मीच माझ्यावर खूश.

"मावशी, व्हाइट सिमेंट आहे. पांढराच होणार," मी म्हणालो.

"माझा लेक गोरा कव्हा व्हता? तुमी रोज बघत व्हते का न्हवते?"

मग तिनं पिशवीतून एक डालड्याचा डबा काढला. झाकण उघडलं. आत राख.

"ही घाला त्याच्यात. घराची हाय."

मी बोट लावायला गेलो. ती हळूच म्हणाली, "घर कंचं अन् लेक कंचा, मला निवडता नाय आलं."

माझं बोट वरच राहिलं.

ती गेल्यावर मशीनवरचे गफूरभाई आले. टाइल्समधलं त्यांना जेवढं कळायचं तेवढं टाइल्सलाही कळत नसेल. म्हणाले, "उस्ताद, ये राख नक्को डालो. पापड हो जाएगा पुतला."

मी तीन वड्या पाडून पाहिल्या. बशीएवढ्या. एकीत संगमरवराची भुकटी, दुसरीत धुतलेली वाळू, तिसरीत कौसाबाईची राख, तिनं दिली तशीच, सढळ हातानं. आठ दिवस पाण्यात भिजवून वाळवल्या. पहिली हातोडीशिवाय फुटेना. दुसरी काठावर थोडी झडली. तिसरी अंगठ्यानंच मोडली. शिवाय तिच्यावर लोणा आला, जुन्या भिंतीला येतो तसा मिठाचा पांढरा फेस. राखेत कोळसा असतो, खार असतो. ती सिमेंटला धरू देत नाही.

हे कौसाबाईला सांगायचं होतं. ती तिसरी वडी तिच्या हातात द्यायची होती, बस. पण तिच्या हातात ती मोडलेली बघायची माझी छाती झाली नाही. आणि मी पडलो कलाकार! तिसरीच वाट काढली. टाइल्सला घालतात ते काळं आणि तांबडं ऑक्साइड, म्हणजे सिमेंटचा रंग, घेतलं. तोही जास्त झाला की ताकद जाते, म्हणून साच्यात पहिला बोटभर थर रंगाचा दिला आणि मागं पांढराच माल भरला. सुदाम असा सावळा निघाला की गफूरभाईंनी तोंड फिरवलं.

कौसाबाईनं त्याच्या गालावर हात ठेवला. "घातली का राख?"

"घातली, मावशी."

डबा माझ्या फळीवर होता. साच्याच्या तेलामागं.

वस्तीत पुतळा बसला. हजार माणसं होती म्हणून मी पुढं कितीतरी वर्षं सांगितलं. चाळीस होती, आणि कडेला पोलिसांची गाडी. पंधरा दिवसांत कुणीतरी घण घालून तो फोडला. कुणी, ते सगळ्या गावाला माहीत होतं. पंचनाम्यात मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

कौसाबाई कारखान्यात आली. या वेळी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पदरात बांधलेला तुकडा तिनं माझ्या बाकावर ठेवला. सुदामचा जबडा होता. वरून सावळा, आतून खडीसाखरेसारखा पांढरा.

"ह्याच्यात माझं घर कुटं हाय, मिस्तरी?"

मी फळीवरून डबा काढला. मोडक्या वडीचे तुकडे तिच्यापुढं ठेवले. तिनं ते चिमटीत धरून चुरले.

"मंग हे तवाच दावायचं व्हतं," ती म्हणाली. "मी का लहान हाय?"

मग काम नीट केलं. तिच्यासमोर राख बारीक चाळणीनं चाळली, कोळसा वेगळा काढला. खार जावा म्हणून तीनदा धुतली. धुतलेलं पाणी मी मोरीत ओतायला निघालो तर तिनं मनगट धरलं. ते पाणी हंड्यात भरून ती घरी घेऊन गेली. काय केलं, मी विचारलं नाही. दहा वाट्या सिमेंटला एकच वाटी राख, बाकी भुकटी आणि बारीक संगमरवरी चिपा. हाच माल आतबाहेर, सगळीकडं. रंग नाही घातला.

पुतळा मळकट राखाडी निघाला. चमक नाही, गालावर खरखर. माझ्या हातून झालेलं सगळ्यात कुरूप काम, आणि सुदाम मशीनवरून उतरायचा तेव्हा अंगभर धूळ माखून असाच दिसायचा. त्यानंतर तीस वर्षं मी गिऱ्हाइकाला आधी मोडकी वडी दाखवली, मग चांगली. काही गिऱ्हाइकं उठून गेली. जाऊ दिली.

पुतळा टेम्पोत चढवला. उरलेल्या राखेचा डबा मी कौसाबाईच्या हातात दिला आणि न राहवून विचारलं, "मावशी, त्यांनी परत फोडला तर?"

तिनं झाकण दाबून बसवलं.

"फोडू द्या. राख हाय अजून."