सरकारी जंगलात फुकटचा मुक्काम

परदेशात भाषा येत नाही म्हणून फजिती झालेली माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. माझी फजिती भाषा येत होती म्हणून झाली. ज्यांना येत नाही ती माणसं कुणालातरी विचारतात आणि सुटतात. मला थोडी येत होती, त्यामुळे मी विचारलं नाही. चहा ओता, सांगतो. फक्त आमच्या ऑफिसात बोलू नका, तिथे हे अजून पोचलेलं नाही.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हा झूटरमेर नावाच्या डच गावात राहायचो. मी पुण्याहून आयटीच्या नोकरीवर आलेला, बायको रश्मी नुकतीच इथे रुळलेली, आणि तिचे आईबाबा पहिल्यांदाच आमच्याकडे आलेले. बाबा म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर धरणांवर हिंडले आणि सरकारी विश्रामगृहांत उतरले. हॉटेलात पैसे देऊन राहणं म्हणजे त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा.

त्यात माझा राहण्याचा परवाना नूतनीकरणाला गेलेला. ज्यांनी हे भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. त्या दिवसांत मी सिग्नल हिरवा झाला तरी रस्ता ओलांडायला कचरायचो. पोलिसाची गाडी नुसती शेजारून गेली तरी सरळ बसायचो. शेजारची बाई हसली नाही तर वाटायचं, हिने खेमेन्तेत, म्हणजे आपल्या नगरपालिकेत, माझ्याविरुद्ध काही कळवलं तर नसेल?

तर अशा परिस्थितीत बाबा एकदा म्हणाले, "प्रसादराव, पवनचक्क्या बघून झाल्या. या देशात जंगल आहे की नाही?"

आहे ना. देशाच्या मधोमध आहे. आमचा अ‍ॅमस्टेलव्हीनचा मित्र संदीप म्हणाला, तिथे जंगलखात्याचं एक छोटं कॅम्पिंग आहे. एक हातपंप, एक संडास, बाकी झाडंच झाडं. नाममात्र पैसे. वर स्वतःचा तंबूही दिला. चांगला मोठा, केशरी रंगाचा. हा रंग लक्षात राहण्यासारखाच होता, आणि बऱ्याच लोकांच्या लक्षात राहिलाही.

सप्टेंबरातला शनिवार. पोळ्या, चटणी, चिवडा, गॅसची छोटी शेगडी, थर्मास, सतरंज्या असा संसार गाडीत भरून आम्ही निघालो. फोन करून विचार, असं रश्मी म्हणाली होती. मी म्हटलं, "अगं, सरकारी जागा आहे. ती कुठे जाणार?"

जागा कुठे गेली नव्हती. फाटकाला साखळी होती.

कुत्रं फिरवणाऱ्या एका गृहस्थाला मी डचमध्ये विचारलं, "बंद आहे का?"

"बंद."

"कधी उघडेल?"

"उघडणार नाही," तो म्हणाला. "वसंतातच बंद केलं. परवडत नव्हतं त्यांना." आणि कुत्र्याबरोबर निघून गेला. इथली माणसं वाईट बातमी अशीच देतात, पुडीबिडी न बांधता.

मग आम्ही पुढच्या खासगी कॅम्पिंगवर गेलो. तिथल्या काउंटरवरच्या मुलीने माणसांचे, तंबूचे, गाडीचे असे वेगवेगळे पैसे सांगितले. वर पर्यटक कर. अंघोळीच्या गरम पाण्यासाठी नाणी निराळी. मी बाबांना भाषांतर करून सांगत गेलो आणि बाबांचा चेहरा बदलत गेला.

"तंबू आपला," ते म्हणाले. "सतरंजी आपली. जेवण आपलं. मग पैसे कशाचे?"

"जमिनीचे, बाबा."

"जमिनीवर झोपायचे पैसे?"

रश्मी म्हणाली, "दे की. एका रात्रीचा तर प्रश्न आहे." पण सासऱ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ना, तिच्यात 'मुलगी दिली ती कुणाला' असं सगळं होतं. मी म्हटलं, "थांबा. या देशात सार्वजनिक जंगलं आहेत. सरकारने काहीतरी सोय केलेली असणारच."

हे मी कशाच्या जोरावर म्हटलं, ते मला आजही माहीत नाही.

आणखी थोडं आत गेल्यावर एक पार्किंग लागलं. तिथे पैसे टाकायचं मशीन होतं. मी दिवसाचं तिकीट काढलं आणि बाबांना दाखवलं. "हे प्रवेश शुल्क. आता आपण अधिकृत." बाबांना अधिकृत हा शब्द आवडला. त्यांनी तिकीट खिशात ठेवलं, ते खरं तर काचेपाशी ठेवायचं असतं.

पाऊलवाटेने चालत निघालो तर एका वळणावर मला ती पाटी दिसली. लाकडी खांब, हिरवी पाटी, आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत एकच शब्द. रुस्टखेबीट.

मी खेमेन्तेच्या संध्याकाळच्या वर्गात डच शिकत होतो. 'रुस्ट' म्हणजे विश्रांती, हे पहिल्या धड्यात. 'खेबीट' म्हणजे परिसर, हे चौथ्या-पाचव्या. दोन्ही शब्द मला येत होते. सांगा, अशा वेळी माणसाचं काय होतं?

"बाबा," मी म्हटलं, "विश्रांतीची जागा. सरकारी."

"म्हणजे विश्रामगृह?"

"गृह नाही. नुसतं विश्राम."

"खानसामा असतो का?"

"नसावा."

खाली बारीक अक्षरात आणखी दोन ओळी होत्या. रश्मी म्हणाली, "ते काय लिहिलंय, नीट वाच ना." मी म्हटलं, नियम असतील, कचरा टाकू नका वगैरे. वाटेवर आडवा लाकडी दांडा होता. तो मी गाड्यांसाठी आहे असं समजून ओलांडला. आईंना, म्हणजे सासूबाईंना, हात देऊन ओलांडायला लावला. हे नंतर वनखात्याच्या बाईंना सांगताना फार वाईट वाटलं.

पलीकडे काय जागा होती म्हणून सांगू. जांभळट झुडपांचं मोठं माळरान, तिन्ही बाजूंना जंगल, चिटपाखरू नाही. शनिवार असून कुणी नाही, याचं मला आश्चर्य वाटायला हवं होतं. मला अभिमान वाटला. अगदी मधोमध सपाट जागा बघून आम्ही केशरी तंबू ठोकला. आईंनी शेगडी पेटवून आलं ठेचलं. बाबांनी शर्ट काढून नुसत्या बनियनमध्ये सतरंजीवर बैठक मारली आणि म्हणाले, "प्रसादराव, हे जमलं तुम्हाला."

लग्नाला तीन वर्षं झाली होती. पहिल्यांदाच म्हणाले असं.

चहा होत आला तेव्हा रश्मीला माळाच्या पलीकडच्या टोकाला माणसं दिसली. एक लाकडी कुंपण होतं, त्याच्यामागे माणसं जमत होती. आधी थोडी, मग बरीच. सगळी रांगेत उभी, आणि सगळ्यांची तोंडं आमच्याकडे.

"काय चाललंय तिथे?" आई म्हणाल्या.

"काही कार्यक्रम असेल," मी म्हटलं. आणि घट्ट असलेली तंबूची दोरी पुन्हा घट्ट केली.

इतक्यात त्यातल्या एकाने हात वर करून हलवला. मग दुसऱ्याने. मग पाच-सहा जण दोन्ही हात हलवायला लागले. मला इतकं हायसं वाटलं. मीही उठून हात हलवला. आईंनी पदर सावरून हलवला. बाबांनी बनियनमध्येच उभं राहून नमस्कार केला. तिकडची माणसं आणखी जोरात हात हलवायला लागली.

"किती प्रेमळ लोक आहेत," आई म्हणाल्या. "त्यांना चहाला बोलवायचं का?"

रश्मी मात्र डोळे बारीक करून बघत होती. "प्रसाद, ते असे करतायत," म्हणून तिने हात आडवा हलवून दाखवला. तो बोलावण्याचा हात नव्हता. शेतातून गुरं हाकलतात ना, तसा होता.

आणि तेवढ्यात मागच्या जंगलातून आवाज आला.

तो आवाज कसा होता, हे मला नीट सांगता येणार नाही. बैल, वाघ आणि नादुरुस्त ट्रक यांना एकत्र कोंडलं तर साधारण तसा येईल. बाबांनी हातातला कप खाली ठेवला. "प्रसादराव, इथे जनावर आहे."

"ट्रॅक्टर असेल, बाबा."

"मी तीस वर्षं रानात काढलीत. ट्रॅक्टरला घसा नसतो."

आवाज पुन्हा आला, जरा जवळून. आईंनी शेगडी बंद केली. आणि समोरून, माळावरून, एक हिरवी जीप आमच्याकडे येताना दिसली. खरं सांगतो, त्या घटकेला मला मागच्या जनावरापेक्षा पुढच्या जीपची जास्त भीती वाटली. जनावर फार तर खाईल. परवाना रद्द करणार नाही.

जीपमधून गणवेशातली एक उंच बाई उतरली. वनरक्षक. आवाज अगदी हळू. "तुम्ही इथे काय करताय?" तिने इंग्रजीत विचारलं. मी डचमध्ये उत्तर दिलं. वाटलं, भाषा येते हे बघून जरा नरमेल.

"आम्ही विश्रांती घेतोय."

"पाटी वाचलीत?"

"हो. रुस्टखेबीट."

"बरोबर. कोणाच्या विश्रांतीची जागा?"

"आमच्या?"

तिने एकदा तंबूकडे बघितलं, एकदा बनियनमधल्या बाबांकडे. "हरणांच्या," ती म्हणाली. "इथे माणसांनी पाऊल टाकायचं नसतं. हा त्यांचा माजाचा हंगाम आहे. नर जंगलातून ओरडत या माळावर येतात. ते बघायला ती माणसं लांबून येऊन थांबलीयत." मग म्हणाली, "तुमचा तंबू बरोबर त्यांच्या रिंगणात आहे."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. तिने दंडाचं नाव काढलं नव्हतं, कागद काढला नव्हता. पण तुम्हाला सांगितलं ना, माझा परवाना अडकलेला. माझं तोंड सुटलं. मी म्हटलं, हे आमच्याकडून पहिल्यांदाच झालं, तसे आम्ही सगळे नियम पाळतो. मग वाटलं, खोटं बोललो तर पकडले जाऊ. म्हणून म्हटलं, एकदा सायकलला दिवा नव्हता. आणि मागच्या महिन्यात कचरा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवला होता. आणि बाबांनी गाडीचं तिकीट खिशात ठेवलंय. कृपा करून हे इमिग्रेशनला कळवू नका.

रश्मीने माझी बाही ओढली. "प्रसाद, पुरे."

बाई वळून जीपचं मागचं दार उघडायला लागली. "सर," ती म्हणाली, "मी फक्त हरणांचं बघते. तंबू काढा."

तंबू काढायला वेळ नव्हता. तो तसाच, काठ्यांसकट, जीपच्या टपावर बांधला. भांडी मांडीवर घेऊन आम्ही आत बसलो आणि तो केशरी डोंगर डोक्यावर घेऊन माळ ओलांडत कुंपणापाशी आलो. त्या सगळ्या माणसांच्या समोरून. कुणी ओरडलं नाही, कुणी रागावलं नाही. नुसते बघत होते. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

पण बाईने आईबाबांचे पडलेले चेहरे बघितले असावेत. ती कुंपणापाशी काहीतरी बोलली, आणि लोकांनी सरकून पुढे जागा करून दिली. एका म्हाताऱ्या डच आजोबांनी आपली दुर्बीण बाबांच्या गळ्यात अडकवली. आईंनी थर्मासमधला चहा त्या आजोबांना दिला. रश्मीही तिकडे गेली.

मी नाही गेलो. तोंड कुठे होतं दाखवायला? मी म्हटलं, मी मागे जीपपाशी थांबतो, तंबूची घडी घालतो.

पुढे सगळं शांत झालं. उजेड उतरत होता. मी गुडघ्यावर बसून काठ्या सोडवत होतो आणि तो आवाज पुन्हा आला. या वेळी इतका जवळ, की छातीत घुमला. पाठोपाठ माझ्या शेजारचं झुडूप हललं. नुसतं हललं नाही, श्वास घेतला. आणि त्यातून पानापानांचं, मातकट, वाकलेलं काहीतरी माझ्या दिशेने सरपटत बाहेर आलं.

मी जीपमध्ये उडी मारली आणि दार ओढून घेतलं. जोरात. म्हणजे शेतकऱ्याने बंदुकीचा बार काढावा, एवढ्या जोरात.

झुडपातून आलेला प्राणी उभा राहिला. तो फोटोग्राफर होता. पानांच्या रंगाचे कपडे, हातात हातभर लांब लेन्सचा कॅमेरा. दुपारपासून तिथे पालथा पडून होता म्हणे, आणि चांगल्या फोटोसाठी जरा पुढे सरकत होता. कारण माळावर अखेर तो नर आला होता. डोक्यावर शिंगांचं झाड घेऊन, झुडपांतून बाहेर पडून, मान वर करून उभा राहिला होता. बाबा सांगतात, तो असा उभा होता, आणि पुढच्या क्षणाला धाड करून आवाज झाला आणि तिथे काहीच नव्हतं.

मग कुंपणावरची ती सगळी माणसं वळली. सगळ्या दुर्बिणी, सगळे कॅमेरे, बाबांच्या गळ्यातल्या दुर्बिणीसकट, जीपच्या काचेवर रोखले गेले. आत मी, घाईत सीटवरून उचललेलं चहाचं पातेलं मांडीवर घेऊन.

बाई चालत आली आणि तिने काचेवर बोटाने टकटक केलं. मी काच थोडीशी खाली केली.

"बाहेर या, सर," ती म्हणाली. "घाबरू नका. तो तुम्हालाच घाबरून पळालाय."