बेटावरचं भरीत

आमच्या घराण्यातून समुद्रात पहिलं पाऊल टाकलं ते एका बाईने. पुण्य मिळावं म्हणून नाही, आंघोळीसाठी नाही, वांग्यांसाठी. ती बाई माझी सासू. गाव तिला अक्का म्हणे, मी आत्याबाई म्हणायचे. हे सांगताना आजही माझी मान ताठ होते, आणि ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या चार-दोन वर्षं आधीची गोष्ट. आमची तापीकाठची केळी रेल्वेने मुंबईला एका गुजराती शेठकडे जात. हा शेठ दरवर्षी थंडीत आमच्याकडे यायचा, बागा पाहायचा, ओट्यावर मांडी घालून जेवायचा आणि जाताना म्हणायचा, "एकदा आमचा पण पाहुणचार घ्या." मुंबईच्या पलीकडे खाडी ओलांडली की एक बेट होतं. तिथे समुद्राच्या अगदी काठावर त्याच्या नातलगांनी हवापालटासाठी लांबलचक घर बांधलं होतं. एका ओळीत खोल्या, पुढे पडवी, पडवीत वेताच्या आरामखुर्च्या, मागे नारळाची वाडी. एका हिवाळ्यात त्याने आग्रहच धरला आणि आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हो म्हटलं.

गावात चेष्टेला ऊत आला. हवा खायला कोणी आगगाडीने जातं का, असं जो तो विचारी. माझे वडील शिंदखेड्याहून मला भेटायला आले होते. ते तर माझ्या सासरच्यांसमोरच म्हणाले, "हवा खावाले इतलं दूर? आमना गावनी हवा काय कडू शे का?" आत्याबाई आतून म्हणाल्या, "याहीबुवा, हवा गोड हाय का कडू, ते खाल्ल्यावर सांगू." आमच्या माहेरच्या बोलीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. माझ्या 'शे'ला त्या घरात सगळे हसत, पण वडिलांच्या 'शे'ला कोणी हसलं नाही. सोयऱ्याचा मान त्या घरात कधी चुकला नाही.

जायचं ठरलं तसा आत्याबाईंच्या मनात एक काटा रुतून बसला. चार दिवस दुसऱ्याच्या पानात जेवायचं आणि एकदाही आपल्या हाताने वाढायचं नाही, हे त्यांना खपणारं नव्हतं. त्यांच्या घरी आलेला माणूस उपाशी गेला नव्हता, आणि त्या कुणाच्या घरी नुसत्या जेवून परतल्या नव्हत्या. लग्नघरी गेल्या तरी अंगठ्याएवढा का होईना, आपल्या हातचा पदार्थ पंगतीत फिरवल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. म्हणून त्यांनी ठरवलं, शेठच्या सगळ्या घराला बेटावर भरीत-भाकरी घालायची.

आता भरीत म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. वांगी पऱ्हाटीवरच भाजायची. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभ्या राहिलेल्या वाळक्या काड्या, त्या पऱ्हाट्या. लाकडावर भाजलेलं वांगं आमच्याकडे आजाऱ्याला देतात. तेव्हा सामानात काय काय निघालं? हिरव्या पोपटी वांग्यांचं पोतं, मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, तेलाची बरणी, कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, तवा, वांगी ज्यात ठेचायची ती लाकडी बडगी, जेवायला केळीची पानं, आणि आमच्या ह्यांच्या डोक्यावर पऱ्हाटीचा भारा. हे मॅट्रिकपर्यंत शिकलेले, अंगात कोट, डोक्यावर टोपी आणि टोपीवर पऱ्हाटी. भुसावळला गाडी बदलताना तिकीट तपासनीस भाऱ्याभोवती दोनदा फिरला आणि निघून गेला. खाडीत होडीवाल्याने मात्र विचारलंच, "आमच्या बेटावर सरपण नाही असं कोणी सांगितलं तुम्हाला?" आत्याबाई म्हणाल्या, "सरपन हाय, पऱ्हाटी नही."

बेट दिसायला सुरेख होतं, खोटं कशाला बोलू. नारळ, त्यापुढे पांढरी वाळू, त्यापुढे पाणीच पाणी. आबा पडवीत उभे राहून म्हणाले, "इतलं पानी, अन् एका वाफ्याले कामाचं नही." शेठच्या घरची मंडळी सकाळी पायांत चपला घालून वाळूत फिरत, दुपारी आरामखुर्चीत पडत, संध्याकाळी पुन्हा फिरत. दोन जेवणं आणि दोन चहा आचारी आणून देई. यालाच विश्रांती म्हणतात, असं आम्हाला सांगण्यात आलं.

शेठाणी मनाने वाईट नव्हती. पाचवारी साडी नेसलेली, गोरीपान, हसतमुख बाई. पण पहिल्याच दिवशी तिने आत्याबाईंना खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "बेन, तुम्ही जन्मभर शेतात राबलात. इथे तुम्हाला काही म्हणता काही करायचं नाही. फक्त खायचं आणि बसायचं." तिला वाटलं आपण माया केली. आत्याबाईंचा चेहरा मात्र असा झाला की जणू कोणी त्यांच्या हातातलं खुरपं काढून घेतलं. त्या खुर्चीच्या कडेला, पडेन की काय अशा बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्याकडून झाडू मागून घेतला आणि पडवी झाडून काढली. शेठाणी धावत आली, झाडू काढून घेतला, पुन्हा खुर्चीत बसवलं. मला त्या शेठाणीचा असा राग आला म्हणून सांगू! आमच्या अंगणात ज्या बाईच्या शब्दावर वीस माणसं कामाला लागत, तिला ही बाहुलीसारखी उचलून ठेवत होती.

तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी शेठाणीला सरळ सांगितलं, "आज सांजच्याले तुमी सारे माह्याकडे जेवाले."

"तुमच्याकडे? कुठे?"

"तठी. वाळूत."

स्वयंपाकघर आचाऱ्याच्या ताब्यात होतं आणि तो कोणाला उंबरा ओलांडू देत नव्हता. म्हणून वाळू. शेठाणी हसली, पण हो म्हणाली. तिच्या हसण्यात "चालू दे, म्हाताऱ्या माणसाची हौस" असं होतं, ते मला दिसलं आणि आत्याबाईंनाही दिसलं.

आम्ही तापीकाठची माणसं. हिवाळ्यात नदीच्या पात्रात भरीताची पंगत आम्ही कितीदा तरी केली होती. तिथला नियम असा की कोरड्या वाळूत चूल मांडायची नाही. ती पायाने उडते आणि जेवणात किचकिच होते. पाण्यालगतची ओली, घट्ट वाळू पाहायची, तिथे काड्या पेटवायच्या, हात धुवायला पाणीही जवळ. आत्याबाईंनी दुपार कलताना समुद्राकाठी हीच जागा निवडली. पाणी लांब गेलेलं, वाळू ओट्यासारखी सपाट आणि टणक. "पाहा कशी सारवल्यासारखी जागा हाय," त्या म्हणाल्या. आम्हीही माना डोलावल्या. नदीला पूर येतो तो पावसाळ्यात, आणि येण्याआधी चार गावं ओरडून सांगतात. दररोज न सांगता वर चढणारं पाणी तीन दिवस पडवीतून पाहूनही आमच्या कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आमच्या ह्यांनी शाळेत भरती-ओहोटी पाठ केली होती, चंद्राच्या चित्रासकट. पण पाठांतर वेगळं आणि पऱ्हाटीचा भारा डोक्यावर असणं वेगळं!

वरच्या अंगाला, नारळाखाली, मी तीन दगडांवर तवा ठेवून कळण्याच्या भाकरी थापत होते. बडगी, मसाला, तेल सगळं माझ्यापाशी. खाली पऱ्हाटी धडधडून पेटली. आत्याबाईंनी वांग्यांना तेलाचा हात लावून पहिला घाणा जाळावर टाकला. तो भाजून झाला, तसा आमच्या ह्यांनी तो पाटीत भरून वर आणून दिला. तो खमंग वास त्या खाऱ्या हवेत पसरला तेव्हा मला वाटलं, जिंकलं आपण.

दुसरा घाणा जाळावर होता, कच्च्या वांग्यांचा ढीग शेजारी होता. शेठची मंडळी नटूनथटून, हसत-खिदळत वाडीतून खाली येत होती. तेवढ्यात एक लाट आली आणि जाळापासून हातभर अंतरावर थांबली. आत्याबाईंनी तिच्याकडे, अंगणात शिरलेल्या परक्या शेळीकडे पाहावं तसं पाहिलं. दुसरी लाट मात्र थांबली नाही. चर्र झालं, पांढरी वाफ उठली, आणि पाणी मागे सरलं तेव्हा तिथे जाळ नव्हता, पऱ्हाटी नव्हती, ढीग नव्हता. काळ्या काड्या इकडेतिकडे तरंगत होत्या आणि आमची वांगी, हिरवी, टपोरी, डुलत डुलत समुद्रात निघाली होती.

शेठची मुलं टाळ्या पिटून हसली. शेठ बिचारा घाईने म्हणाला, "काही हरकत नाही, आचाऱ्याने पुऱ्या केल्याच आहेत, श्रीखंड आहे." शेठाणी म्हणाली, "बेन, या, वर बसा. मी म्हटलं नव्हतं, तुम्ही त्रास घेऊ नका?"

मी हातातला गोळा तसाच धरून उभी राहिले. एका घाण्यावर शेठचं घर जेवणार नव्हतं. आत्याबाईंनी जर वर येऊन त्या खुर्चीत बसून ती पुरी खाल्ली असती, तर घरी जाऊन त्या कुणाला काही बोलल्या नसत्या, पण मनात मोडल्या असत्या. मला तेव्हा रडू येत होतं आणि राग इतका आला होता की समुद्रालाच चार शब्द सुनावावेत.

आत्याबाईंनी काष्टा वर खोचला, पदर कमरेला बांधला आणि चालू लागल्या. पाण्याकडे.

आबा ओरडले, "अवं, कुठी चालली? नदी नोहे ते, समिंदर हाय!"

"असंल," त्या मागे न पाहता म्हणाल्या. "वांगे माह्ये हायेत."

गुडघ्याइतकं, मग कमरेइतकं. लाट आली की त्या तिच्याकडे पाठ करून उभ्या राहत, पूर आलेल्या नाल्यात उभं राहतात तशा. ती गेली की पुढचं वांगं पकडून ओच्यात टाकत. आधी कोणी हललं नाही. मग आमचे हे कोटासकट पाण्यात शिरले. मग आबा, धोतर सावरत, देवाचं नाव घेत. आणि मग, मी हे डोळ्यांनी पाहिलं, शेठाणीने चपला काढल्या, ती किमती साडी पोटरीवर धरली आणि तीही पाण्यात उतरली. तिच्या पायाशी एक वांगं आलं होतं. तिने ते दोन्ही हातांनी, मांजराचं पिल्लू धरावं तसं धरलं आणि हसत आत्याबाईंना दिलं. त्या वेळचं हसणं वेगळं होतं. माझा तिच्यावरचा राग तिथेच विरघळला, आणि मला त्याचं थोडं वाईटही वाटलं, कारण तो राग मी मोठ्या कष्टाने जपला होता.

बरीच वांगी हाती लागली. पऱ्हाटी मात्र गेली ती गेली. आता मोठा प्रश्न. ओलीचिंब आत्याबाई वर आल्या, नारळाच्या वाडीत पडलेल्या सुक्या झावळ्या आणि सोललेल्या नारळांची सोडणं पायाने उलटीपालटी करून पाहिली. पऱ्हाटीशिवाय भरीत, म्हणजे त्यांच्या लेखी नेमच मोडणं. त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "पाहुने दारात आले. आता वांगं कशावर भाजलं, ते कोन पाह्यते?" आणि त्यांनी झावळ्यांचा जाळ केला.

मग सगळं झपाट्याने झालं. वांगी सोलली, बडगीत ठेचली, मिरची-लसणाची फोडणी चुरचुरली, पात आणि शेंगदाणे पडले. केळीची पानं वाळूत मांडली. शेठ, शेठाणी, मुलं, आबा, हे, सगळे ओळीने बसले, आणि आचारीही, कारण आत्याबाईंनी त्यालाही हात धरून बसवला. ओल्या लुगड्याने त्या वाढत होत्या. सूर्य पाण्याला टेकला होता. शेठाणीने एकदा मागून घेतलं. मग पुन्हा मागून घेतलं. शेठने तर भाकरीने पान पुसून काढलं. ज्या मुलाने सगळ्यांत मोठ्याने टाळ्या पिटल्या होत्या, त्याच्या पानात त्यांनी सगळ्यांत जास्त वाढलं.

शेवटी जेवायच्या आम्ही दोघीच उरलो. बडगीत भरीत नव्हतं. भाकऱ्याही संपल्या होत्या, एक सोडून. ती आणि मिरचीचा खर्डा घेऊन आत्याबाई समुद्राकडे तोंड करून बसल्या. शेठाणीला ते दिसलं. "अरे, तुम्हाला तर काहीच राहिलं नाही," म्हणून तिने पुऱ्या आणायला माणूस पाठवायला काढला. आत्याबाईंनी हातानेच नको म्हटलं. मी लग्न होऊन तीन वर्षं त्यांना पाहत होते. इतका निवांत चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. पडवीतल्या त्या खुर्चीत जी विश्रांती त्यांना तीन दिवसांत मिळाली नाही, ती इथे मिळत होती.

शेठाणी माझ्याजवळ बसली. "तुझं माहेर कुठलं?"

"शिंदखेड्याचं."

"मग असं भरीत तिकडे पण करतात?"

माझी आई सुगरण. तिच्या हातच्या भरीताची मी सासरी आल्यापासून फुशारकी मारत होते, आत्याबाईंच्या तोंडावरसुद्धा. पण त्या संध्याकाळी माझ्या तोंडून निघालं, "करतात. पण हे आमच्या घरचं आहे."

आत्याबाईंनी वळूनही पाहिलं नाही. आपल्या हातातली भाकरी मधोमध मोडली आणि अर्धी माझ्या पानात टाकली.