तळ्यात न बोलावता आलेलं पाणी

काही कामं संपली की संपतात. माणसं घरी जातात आणि मागे काही उरत नाही. आमच्या बागेतल्या तळ्याचं तसं झालं नाही. काम रेंगाळत गेलं आणि किस्से साचत गेले. आता घरी कुणी चहाला आलं की माझी बायको शैला एक किस्सा सांगते, हिरामण मिस्त्री असला तर तो दुसरा सांगतो आणि मी दोघांच्या चुका दुरुस्त करत बसतो. बहुतेक किस्स्यांत मूर्ख मीच ठरत असल्यामुळे माझ्या दुरुस्त्या कुणी मनावर घेत नाही!

* * *

मुळात तळं हवं होतं ते कमळासाठी. शैलाच्या माहेरचं तळं रस्त्यासाठी बुजवलं. त्याआधी तिने तिथला एक कंद आणून टबात लावला होता. त्या उन्हाळ्यात त्याला दोनच पानं उरली. तळं पावसाआधी झालं नाही, तर ते कमळ गेलंच.

सुरतेबाहेर, कामरेजजवळच्या आमच्या बंगल्यामागे चार फूट खणलं. जमीन कोरडी ठणठणीत होती. हिरामणने तळाला काँक्रीट ओतलं, ब्लॉकच्या भिंती उभ्या केल्या. पाणी आम्ही भरायच्या आधीच एका सकाळी तळात वीतभर पाणी! जमिनीतलं खारट, गढूळ पाणी भिंतीतून झिरपत होतं.

हिरामण मूळचा शिरपूरकडचा. सुरतेत तीस वर्षं झाली, पण बोली अजून घरचीच. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "सर, तळं बांधाले सांगेल व्हतं ना? हाई तं विहीर व्हयनी!"

* * *

मी इंजिनिअरिंग कॉलेजात जमिनीखालचं पाणी शिकवत असे. पीएचडीही त्यातच. तरीही दुकानदाराचं ऐकून मी भिंतीला आतून महागडा काळा रंग फासून घेतला. चौथ्या दिवशी तो जागोजागी टम्म फुगला. मी एका फुग्यावर बोट दाबलं, तर पाण्याची चिळकांडी थेट माझ्या चष्म्यावर!

स्वयंपाकघराच्या खिडकीतून शैला म्हणाली, "फुगली का पुरी? मग काढा आता कढईतून!"

पाणी भिंतीमागून रेटा देत असेल, तर पुढून लावलेला रंग सुटणारच. मी ओशाळून हिरामणला म्हणालो, "अरे, यावर मी दरवर्षी परीक्षेत दहा मार्कांचा प्रश्न घालत होतो."

"मग सर, स्वतःले किती मार्क देशात?"

* * *

शेवटी माझा जुना विद्यार्थी परेश, जो आता मोठा कॉन्ट्रॅक्टर आहे, त्याला फोन केला. दुसऱ्याच दिवशी तो आला, पाया पडला, तळ्यात उतरला आणि भराभरा सांगू लागला. ब्लॉकच्या पोकळ्या काँक्रीटने भरा. वाहती भोकं झटपट घट्ट होणाऱ्या सिमेंटने बुजवा. मग ब्लॉकच्या आत मुरणारा सिमेंटचा लेप द्या. आणि त्या लेपाला पाच दिवस मागून पाण्याचा रेटा नको.

हे सगळं शब्दशः माझ्या नोट्समधलं! मी भारावून म्हणालो, "परेश, इतकी वर्षं पाठ राहिलं तुला?"

"सर, ए पेपरमां हुं नापास थयेलो. बे वार वांचवुं पडेलुं!"

त्याला नापास करून तेच दोनदा वाचायला लावल्याचं मला कित्येक वर्षं वाईट वाटत होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच जरा बरं वाटलं.

* * *

भोकं बुजवताना आणखी गंमत. ते सिमेंट मुठीत गरम होईपर्यंत धरायचं आणि मग दाबायचं. मी हातात घड्याळ घेऊन "आता!" म्हणून ओरडायचो. एक भोक बंद झालं की शेजारी दुसरं फुटायचं. माझा धीर सुटला.

हिरामणने मात्र एका भोकात पाईपचा तुकडा बसवला. सगळं पाणी मुकाट्याने त्यातून वाहू लागलं आणि बाकीची भोकं एकेक करत बंद झाली. पाईप सगळ्यात शेवटी. मी म्हणालो, "वा! हे कुठे शिकलास?"

"सर, माणूसनं बी तेच शे. एक दार उघडं ठेवं तं तो भित फोडत नही."

* * *

तरीही भिंत मधूनच पाझरायची, मधूनच सुकायची. मी रोज सहा वाजता पातळी मोजून आलेख काढला. तापीची भरती-ओहोटी, पौर्णिमा, अमावास्या या सगळ्याची सांगड घालून तीन पानं लिहिली आणि हिरामणला वाचून दाखवली.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि कंपाउंडपलीकडच्या शेजाऱ्याच्या शेताकडे बोट दाखवलं. "ठाकोरभाईना ऊसले कॅनॉलनं पाणी लागनं का, आपली भित रडस."

मी चंद्रापर्यंत जाऊन आलो, पण कंपाउंड ओलांडलं नव्हतं!

* * *

उसाला पाणी सोडलं की आठ-दहा दिवस भिंत ओली. ती सुकते न सुकते तोच पुढची पाळी. त्यानंतर पाऊस. लेपाला पाच दिवस मिळणार कुठून? ऐन उन्हाळ्यात एका शेतकऱ्याला, आमच्या फुलासाठी तुमचा ऊस तहानलेला ठेवा, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? मी दोन दिवस घोकत बसलो. शैला म्हणाली, "तुम्ही विचार करा. मी विचारून येते." शेवटी मीही तिच्यामागे गेलो.

ठाकोरभाईंनी कमळाची सगळी हकिकत ऐकली आणि म्हणाले, "बेन, शेरडी तरसी नी रहे." शेरडी म्हणजे ऊस; तो तहानलेला राहणार नाही. विषय संपला. आम्ही चहा पिऊन परतलो.

हिरामणने देवाचं नाव घेऊन लेप मारला. दुसऱ्याच सकाळी कॅनॉलला पाणी आलं. मी तासातासाला भिंतीवर हात ठेवून पाहत होतो. कोरडी! दुसरा दिवस कोरडा, तिसराही. माझं गणित पुन्हा चुकलं म्हणून मी धास्तावलो. पाचव्या दिवशी न राहवून कंपाउंडवरून डोकावलो.

सगळं शेत पाण्याने चमकत होतं. फक्त आमच्या भिंतीलगतच्या आठ ओळी कोरड्या होत्या, आणि त्यांच्या पलीकडे ताज्या मातीचा लांबलचक बांध घातलेला. त्या आठ ओळींत ठाकोरभाई आणि त्यांची बायको, बादली घेऊन, वाकून, उसाच्या एकेका बुडाशी तांब्याने बेताबेताने पाणी घालत होते.

"ठाकोरभाई!" मी ओरडलो. 

त्यांनी पाठ सरळ केली आणि झोपलेल्या बाळाशेजारी ठेवावं तसं ओठांवर बोट ठेवलं.

"धीमे बोलो, साहेब. तमारी भींत सूती छे!"