जमातीतले कॅल्विनपंथी

मुलीला शाळेने भाषणाला विषय दिला होता: अमेरिकेच्या प्रजासत्ताकाच्या पायाभरणीवर कॅल्विनपंथी विचारांचा प्रभाव. आमची मुलगी इथे दोह्यात अल गराफाच्या अमेरिकन शाळेत जाते, म्हणजे रत्नागिरी सोडून सगळ्या जगाचं तिला शिकवतात. मी म्हटलं, बरं बाई, कर.

पण तो विषय तिच्यापेक्षा तिच्या अब्बांनाच जास्त चढला. आमचे हे म्हणजे गावच्या जमातीचे दोह्यातले सदर, म्हणजे अध्यक्ष. किती वर्षं सदर, ते विचारू नका. निवडणूक झाल्याचं कुणालाच आठवत नाही. बिन महमूदमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये जुम्म्याच्या नमाजानंतर मीटिंग भरते. हे ठराव सांगतात, मग विचारतात, "हरकत नाही ना?" आणि नेमका तेव्हाच आतून चहा येतो. चहा कोण आणतं? मी. हातात गरम कप आल्यावर हरकत घेतो कोण!

तर हे सोफ्यावर बसून मुलीची तालीम घ्यायला लागले. ती इंग्रजीत घडाघडा बोलायची आणि हे स्वयंपाकघराकडे तोंड करून मला मराठीत समजावायचे.

"हे कॅल्विनपंथी ख्रिस्ती फार कडक हां! म्हणायचे, माणूस मुळातच बिघडलेला. मग राजा असो की पाद्री, सगळी सत्ता एकाच्या हातात द्यायचीच नाही. चर्चचे वडीलधारेसुद्धा लोकांनी निवडायचे. पुढे अमेरिकेने त्यातूनच धडा घेतला, सत्ता वाटून टाकली, एकाने दुसऱ्यावर नजर ठेवायची. काय डोकं बघ!"

मी कांदा कापत होते. विचारलं, "आणि बायकांना मत होतं?"

"नो, अम्मी," मुलगी म्हणाली.

"मग त्या काय करत होत्या?"

"कुकिंग, मे बी."

हे खदाखदा हसले. मला मेलं हसू येईना. कारण ईद मिलन तोंडावर आलं होतं. दरवर्षी अल थुमामातल्या एकाच्या घरी सगळी जमात जेवते. आम्ही बायका पहाटेपासून सांदणं, वडे, मटण करत चुलीपुढे उभ्या. आधी पुरुष जेवणार, मग पोरं, आणि शेवटी आम्ही थंड रश्श्यात बटाटे शोधत बसणार. मला एकच हवं होतं, एकदा तरी सगळ्यांबरोबर बसून गरम जेवायचं. यांना तसं सांगितलंही होतं. "इन्शाल्ला, बघू," म्हणाले. आमच्या घरात "इन्शाल्ला, बघू" म्हणजे खलास.

त्या शुक्रवारी यांनी ठराव सांगितला, जेवण गेल्या वर्षीसारखंच. "हरकत नाही ना?"

चहा आला नाही. सगळे दाराकडे बघायला लागले.

"अगो, चहा!" यांनी हाक मारली.

मी पदराला हात पुसत बाहेर आले, मागे स्वयंपाकघरात जमलेल्या बाकीच्या बायका. म्हटलं, "हरकत आहे. जेवण यंदा हॉटेलातून मागवायचं, आणि आम्ही सगळ्यांबरोबर बसणार. मतं घ्या. चहा मग."

"हे काय नवीन काढलंस?"

"नवीन कुठलं? कॅल्विनपंथी! माणूस मुळातच बिघडलेला, तुम्हीच सांगितलंत ना?"

अमेरिकेतही म्हणे चहावरूनच पेटलं होतं. तलफ वाईट हो! ज्यांनी जन्मात हरकत घेतली नाही, त्यांचे हात भराभर वर झाले. आणि त्या भरात मलाच सदर करून टाकलं. हे चहात साखर जास्त झालीय एवढंच म्हणाले.

पुढच्या मीटिंगला सोफ्यावर मी. छान वाटतं हो तिथे! कामं पटापट उरकली. हॉटेल ठरलं, पदार्थ ठरले. वाढायचं कुणी? मी म्हटलं, "आपल्या पोरी वाढतील. हरकत नाही ना?" आणि आत खूण केली, यल्ला, चल, चहा आण!

ट्रे घेऊन मुलगीच आली. तिने तो टीव्हीच्या टेबलावर ठेवला, कुणाचा हात पोचणार नाही असा. माझ्या प्रत्येक मराठी वाक्याला इंग्रजीत उत्तर देणारी ही पोरगी, सगळ्यांसमोर स्वच्छ मराठीत म्हणाली, "हरकत आहे, अम्मी. मुलगे का नाही वाढणार?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि खरं सांगू, ऊरही भरून आला. यांच्याकडे बघितलं तर मिशीत हसत होते. चहा तिकडे गार होत होता.

म्हटलं, "बरं बाई, घ्या मतं."