सुनंदाच्या नावाची हळद

गिरजाबाई हळदीला आली की आधी नवरीला जवळ घ्यायची. "नाव काय तुझं, माय? आणि मामाचं?" ओळखीची पोर असली तरी विचारायची. मग ती दोन्ही नावं गाण्यात गुंफून गायची. नावाशिवाय हळद अंगाला लागत नाही, असं तिचं म्हणणं. आता ती नाही. इथं नवागामात, गिरणीवाल्यांच्या वस्तीत, आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. दिवसभर कापडाच्या लूमच्या खात्यात बॉबिनींवर सूत भरायची. तिथल्या खडखडाटावर ओरडून ओरडून गळा जाड झालेला.

तिचा भाचा विशाल डीजे वाजवतो. सुनंदा नावाच्या पोरीच्या हळदीत त्यानं मावशीचं गाणं मोबाईलमध्ये भरलं आणि त्याखाली परदेशी ताल टाकला. "रेगेटॉन म्हणतात याला, आबा. अहिराणीत पहिलंच!" मला विचाराल तर तो ताल आमच्या जुन्या मागाच्या खडखडाटासारखाच. जन्मभर तेच ऐकलं, पुन्हा कशाला ऐकायचं? पण लोकांनी ऐकलं. इथल्या उधन्यापासून गावाकडे पार धुळ्यापर्यंत वाजलं, अहिराणी गाण्यांत पहिल्या नंबरावर गेलं. विशाल मोबाईल नाचवत दाखवायला आला. गिरजाबाई म्हणाली, "नंबर राहू दे. नाव सुनंदाचंच आहे ना त्यात?"

तिथूनच बिनसलं. दर हळदीला मशीनवर तेच गाणं. नवरी पूजा असो की काजल, हळद लागायची सुनंदाच्या नावानं. गिरजाबाईला गायला कोणी बोलवेना. ती तशीच जायची, स्पीकरजवळ उभी राहायची. सुनंदाचं नाव आलं की त्यावरून खऱ्या नवरीचं नाव ओरडायची. पोरं हसायची, "मावशी स्वतःच्याच गाण्यात खोडा घालते!"

ती पोरांवरच डाफरायची, "दुसरीना नावनी हळद इले कशी लागी रे?"

घरी यायची ती घसा बसवून, पार दमून. ओट्यावर बसून एकदा म्हणाली, "आबा, मनाच आवाज माले चूप करस." स्पीकरमधला तिचाच आवाज तिला गप्प करत होता.

गेल्या वर्षी माझ्या नातीची, आरतीची हळद निघाली. मी सांगून टाकलं, माझ्या दारात मशीन वाजणार नाही, गिरजाबाई गाईल. पोरं कुरकुरली. मी कोणाचं ऐकत नसतो.

गिरजाबाईनं तोंड उघडलं आणि गळ्यातून नुसता वारा आला. पाणी पिऊन पुन्हा गाऊन पाहिलं. मग तिनं बायकांकडे पाहिलं, कोणीतरी गाणं उचला म्हणून. मशीनशिवाय एकीलाही पुढची ओळ येईना. वाटीतली हळद सुकत चालली.

शेवटी गिरजाबाईनंच विशालला हातानं खूण केली, लाव.

गाणं सुरू झालं. सुनंदाचं नाव आलं तेव्हा तिचा हात आरतीच्या गालाशी होता. तो थांबला. मग तिनं हळद लावली.