पाठकोरे कागद

माझ्या वडिलांनी तीस वर्षं खपून एका आयरिश कवीचं एक नाटक मराठीत आणलं, आणि मी ते पाच मिनिटांत रद्दीच्या निळ्या डब्यात टाकलं.

बाबा साताऱ्याला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. आई गेल्यावर मी त्यांना न्युरेम्बर्गला आणलं. इथे बोलायला कोण? नातवाला मराठी कळतं, पण तो उत्तर जर्मनमधून देतो. मग त्या कवीबद्दल मलाच ऐकावं लागे. एका बाईला त्याने पुन्हा पुन्हा मागणी घातली आणि दर वेळी नकार ऐकला. आपल्या लोकांना त्यांच्याच दंतकथा रंगमंचावर दिसाव्यात म्हणून थिएटर उभं केलं. म्हातारपणीसुद्धा जुन्या कविता खोडून नव्याने लिहिल्या. "राज्यकर्त्यांच्या भाषेत लिहिलं गं, पण आपल्या माणसांसाठी," हे तर रोजचंच. मी हं हं करत लॅपटॉपवर काम उरकायचे.

खोडण्याचा गुण बाबांनी त्याच्याकडूनच उचलला होता. दोन पानं लिहायची, दीड खोडायचं. तेही कोऱ्या कागदावर नाही, तो त्यांना माज वाटे. कॉलेजातल्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या मागे लिहायचे.

मार्चमध्ये हर्नियाच्या ऑपरेशनसाठी ते चार दिवस हॉस्पिटलात होते. तेवढ्यात त्यांची खोली आवरावी म्हणून मी कपाट उघडलं, तर आत प्रश्नपत्रिकांचा हा एवढा गठ्ठा. माणसाने रद्दीसुद्धा विमानाने आणली म्हणून मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी कागदाची रद्दी नेणारी गाडी येणार होती. मी दह्याचा रिकामा डबासुद्धा धुऊन मगच कचऱ्यात टाकणारी बाई. गठ्ठ्याची सुतळी सोडून वेगळी टाकली, कारण ती कागदात चालत नाही. पण एक पान उलटून पाहिलं नाही. ज्या घरात मी पाठकोऱ्या कागदांवर गणितं करत मोठी झाले, त्या घरची मी. लाज वाटते सांगायला.

घरी आल्यावर त्यांनी कपाट उघडलं. मी खरं ते सांगितलं.

"दुसरी कॉपी असेल ना, बाबा?"

"एकच होती."

"मग आपण परत करू. मी टाइप करून देते."

"अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी?" ते म्हणाले.

तरी ते बसले. मी नवी वही आणून दिली. मूळ इंग्रजी नाटक त्यांना अख्खं पाठ. खिडकीशी बसून प्रवेशच्या प्रवेश म्हणायचे. मराठी मात्र येईना. स्वतःचं वाक्य इतक्यांदा खोडलेलं, की शेवटी कोणतं ठेवलं होतं तेच त्यांना आठवेना. आठवडाभर वही कोरीच राहिली.

रविवारी जेवताना त्यांनी मला विचारलं, "तुला आठवतंय का गं काही? तू लहान असताना रोज संध्याकाळी तुला वाचून दाखवायचो."

मला त्यांचं वर उचललेलं बोट आठवत होतं. हे कधी संपतंय आणि मी कधी खेळायला जातेय, हे आठवत होतं.

"एखादी ओळ तरी," ते म्हणाले.

मला एकही येत नव्हती.